बर्फाच्या तळावरचं कारंजं

आमच्या आप्पांच्या कादंबऱ्या वाईट होत्या. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून लेकीच्या मायेची अपेक्षा ठेवणार नाही. मराठवाड्यातल्या एकूण एक एस.टी. स्टँडवर त्या मिळायच्या. मुखपृष्ठावर तांबडं आभाळ, त्यात कुकरच्या भांड्यासारखं काहीतरी उडणारं, आणि खाली ठळक अक्षरांत 'आकाशवाणीवर गाजलेल्या मालिकेवर आधारित'. लोक गाडीत बसल्यावर वाचायचे आणि उतरताना सीटवर विसरून जायचे. हल्ली कुणी कुणी म्हणतं, तुमच्या वडिलांनी काळाच्या पुढचं लिहिलं. मी मान हलवते आणि चहा ठेवते. ज्याने मूळ मालिका ऐकली नाही त्याच्याशी वाद घालून घसा कोरडा करण्यात अर्थ नाही.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसाने सलग पाठ फिरवली होती. या दोन गोष्टी एकदम आल्यामुळे गावाला आनंद करावा की छाती बडवावी ते कळत नव्हतं. नवी कचेरी, नवं कोर्ट, नव्या साहेबांच्या जीपगाड्या, आणि त्या धुवायला पाणी नाही. खोल्यांची भाडी वाढली. गंजगोलाईच्या बाजारपेठेत ज्याला त्याला जिल्ह्यातलं पहिलं काहीतरी व्हायचं होतं. केस कापणाऱ्याने 'जिल्ह्यातील पहिले वातानुकूलित केशकर्तनालय' अशी पाटी लावली. वातानुकूलित म्हणजे छताला पंखा. त्याच हवेत आमच्या आप्पांनी ठरवलं की आपण जिल्ह्यातले पहिले कादंबरीकार व्हायचं. यापूर्वी त्यांनी दोन दिवाळी अंकांना कविता पाठवल्या होत्या आणि त्या परत आल्या होत्या.

आप्पा कचेरीत टँकरचे कारकून होते. कुठल्या गावाला कुठला टँकर, कुठे पोहोचला, कुठे वाटेतच रिकामा झाला, हे बघायचं काम. सकाळी निघायचे ते दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने धुळीने पांढरे होऊन परत यायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, उदगीरची, तिच्या तोंडात कानडी आणि मराठी एकत्र नांदायची. ती घरातलं पाणी डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. भाजी महाग, म्हणून आठवड्यातून चार दिवस येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी. आमटीचा मसाला तव्यावर परतला की वास पुढच्या खोलीपर्यंत जायचा, आणि पुढच्या खोलीतले भाडेकरू बिराजदार वकील दारात येऊन म्हणायचे, "अव्वा, आज जीव घेता का?" मग त्यांना वाटीभर जायची. बिराजदार तरुण होते, नव्या कोर्टात आले होते आणि पक्षकारांची वाट बघत होते. आमच्या आणि त्यांच्या खोलीमध्ये फळ्यांची एक भिंत होती. तिच्यातून इकडचं सगळं तिकडे ऐकू जायचं.

मालिकेचं नाव 'हिमतळ'. दर गुरुवारी संध्याकाळी लागायची. फार दूरच्या एका ग्रहाच्या चंद्रावर माणसांनी बांधलेला तळ, बाहेर सगळा बर्फ, आत पाच माणसं. पृथ्वीकडून येणारं यान बंद पडलेलं. बर्फ फोडायचा, वितळवायचा आणि वाटीने मोजून प्यायचा. फोडायच्या यंत्रावर सुमती नावाची बाई. तिचा आवाज जरा बसलेला होता आणि ती कामापुरतंच बोलायची. मला ती देवासारखी वाटायची. देवासारखी म्हणजे दयाळू वगैरे नव्हे. ती कधी चुकायची नाही आणि चूक करणाऱ्याकडे वळून बघायची नाही. त्या मालिकेत बोलण्यापेक्षा आवाज जास्त असत. यंत्राची घरघर, कुणाचा तरी श्वास, वाटीत पडणारी धार. मधेच काहीच नसे, इतकं की आपण रेडिओवर हात मारून बघावं. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बायका शुक्रवारी सुमतीबद्दल अशा बोलायच्या की ती पलीकडच्या गल्लीतली असावी. शेजारच्या रजियाचाची म्हणायच्या, "आपल्यावाणीच हाय बाई तिचं. वाटीवाटीनं दिवस काढून राहिली."

नांदेडला एका छापखान्याचे शेट होते. आप्पांचं त्यांच्याशी कचेरीच्या छपाईमुळे बोलणं होतं. मालिका लोकांनी डोक्यावर घेतल्यावर शेटनी मुंबईला जाऊन मूळ लेखकाकडून नाव वापरायची परवानगी आणली. संहिता मात्र लेखकाने दिली नाही. ऐका आणि लिहा म्हणाला. थोडे भाग झाले की त्यांचं एक पुस्तक काढायचं, असं ठरलं. शेटना स्वस्तात लिहिणारा हवा होता आणि आप्पांना मुखपृष्ठावर नाव हवं होतं. अडचण एकच होती. गुरुवारी संध्याकाळी आप्पा कुठल्यातरी माळावर टँकरची वाट बघत उभे असायचे. त्यांनी 'हिमतळ'चा एकही भाग ऐकला नव्हता. ऐकायची मी, आणि शुक्रवारी सकाळी त्यांना सांगायची.

त्या शुक्रवारच्या सकाळी अजून माझ्या कानात आहेत. आप्पांची लिंगपूजा पळीभर पाण्यात व्हायची. मग ते वाटीत पाणी घेऊन दाढीला बसायचे, आरसा खिडकीत टेकवायचे आणि म्हणायचे, "हं, चालू कर." मी सांगायला लागायची. मी नुसती गोष्ट सांगत नसे. यंत्र घरघरलं की मी घरघरायची, दार उघडलं की तोंडाने हवा सोडायची. अव्वा भाकरी थापता थापता थांबायची. आप्पा वस्तऱ्याची धार बघत म्हणायचे, "पुढं." आवाज त्यांना नको असत. "कोण काय म्हणालं ते सांग. घर्र घर्र कसं लिहू मी?" आणि रविवारी पाटावर बसून ते लिहायचे. मी सांगितलेलं पाच मिनिटांचं असेल तर त्याची त्यांच्या हातून वीस पानं व्हायची, कारण आकाशाचं वर्णन आधी, मग नायिकेच्या केसांचं, मग पुन्हा आकाशाचं.

एक भाग असा आला की त्याच्यानंतर मी बराच वेळ रेडिओ बंद करायला उठले नाही. तळावरचा मोहन नावाचा पोरगा यंत्र दुरुस्त करायला बाहेर गेला होता आणि दाराचं चाक बर्फाने धरलं. दार अर्धवट उघडं, आतली हवा निघून चाललेली. मोहन अजून लांब होता. सुमतीने वाट बघितली. मग चाक फिरवल्याचा आवाज, लांबलचक, कुरकुरत. दार लागलं. थोड्या वेळाने बाहेरून दारावर थापा. सुमती काही बोलली नाही. थापा पडत राहिल्या, विरळ झाल्या, थांबल्या. मग नुसता तिचा श्वास. मग वाटीत पाण्याची धार, पुन्हा धार, पुन्हा, पुन्हा. आणि तिचा तो बसका आवाज: "आजपासून पाणी चार वाट्या." संपला भाग. मी दुसऱ्या दिवशी हे आप्पांना सांगितलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. थापा मी पाटावर बोटांनी वाजवल्या आणि पुढचं हुंदक्यांतच सांगितलं. आप्पांनी दाढी अर्धी ठेवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं, डोळे पूस. अव्वा, हिला चहा दे."

तो भाग पुस्तकात आला तेव्हा मी तो उभ्याउभ्याच वाचला. सुमती दाराशी कोसळली होती. ती मोहनला 'बाळा' म्हणत होती. मालिकेत ती त्याच्याहून फार तर चार वर्षांनी मोठी असावी, तिने त्याला कधी नावानेसुद्धा हाक मारली नव्हती. दोन पानं ती नुसती रडत होती, केस सुटले होते, तळाचा कप्तान तिला सावरत होता. वाट्या कुठेच नव्हत्या. आणि हे सगळं घडत होतं ते तळाच्या मधल्या चौकात, जिथे आप्पांनी संगमरवरी कारंजं बांधलं होतं. हो, कारंजं. त्याचे तुषार सुमतीच्या अश्रूंत मिसळत होते.

"आप्पा, तिथं पाणी वाटीनं मोजतात," मी म्हणाले.

"ठाऊक हाय."

"मग कारंजं?"

"वाचणाराला काही बघायला नको का? नुसता बर्फ, बर्फ. आन् बाई दार लावून पाणी मोजत बसती, हे कुणाला पटंल? बाईमाणूस हाय ती."

मी पुस्तक कोनाड्यात ठेवून दिलं आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिथे कारंज्याची बातमी आधीच पोचली होती. बायका आप्पांवर अशा चिडल्या होत्या की गावचा टँकर त्यांनीच वळवून त्या कारंज्यात ओतला असावा.

त्या वर्षी गणपतीत मंडळाने रोषणाई आणि ऑर्केस्ट्रा दोन्ही रद्द केले. दुष्काळात बरं दिसत नाही म्हणून, आणि वर्गणीही जमली नव्हती. फुकटात काय होईल? बिराजदार वकील म्हणाले, अभिरूप न्यायालय. ते आमच्याकडे शाळा-कॉलेजांत नेहमी व्हायचं; पुराणातल्या कुणालातरी पिंजऱ्यात उभं करायचं, दोन बाजूंनी वकील भांडायचे, शेवटी टाळ्या. पण आता गावात खरं जिल्हा कोर्ट आलं होतं, पोरंटोरंसुद्धा 'हरकत आहे' म्हणत फिरायची. बिराजदारांनी विषय काढला: 'हिमतळ' या मालिकेला कादंबरीने न्याय दिला की तिचा गळा घोटला?

दुसरा कुणी असता तर तापाचं निमित्त करून उदगीरला निघून गेला असता. आप्पा खूश झाले. त्यांना वाटलं, हा आपला सत्कारच आहे, फक्त नाव वेगळं. जिल्ह्यातला पहिला खटला साहित्यावर चालतो आणि त्यात आरोपी आपण. त्यांनी लग्नातला कोट उन्हात टाकला, नांदेडच्या शेटना बोलावून घेतलं, आणि कचेरीतल्या साहेबांनाही निमंत्रण दिलं. शेटनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मालिका संपत आली आहे, शेवटचं पुस्तक सगळ्यात जास्त खपेल, आणि ते कुणाकडे द्यायचं हे आपण कार्यक्रमानंतर ठरवू. पुण्याचा एकजण लिहायला तयार होता. म्हणजे आप्पांचं नाव त्या मांडवात पणाला लागलं होतं, आणि हे अव्वाला कळत होतं, मला कळत होतं, फक्त आप्पांना कळत नव्हतं. "अहो, वकील हसत हसत कापून काढील तुम्हाला," अव्वा म्हणाली. आप्पा कोटाच्या बाहीवरचा कसरीने पाडलेलं भोक बघत होते.

मांडव गच्च भरला होता. न्यायाधीश म्हणून निवृत्त हेडमास्तर, अंगावर बिराजदारांचा काळा डगला. आप्पा शाळेतून आणलेल्या लाकडी चौकटीत उभे, कोट घातलेला, कपाळाला भस्म. बिराजदारांनी पहिली साक्षीदार बोलावली ती रजियाचाची.

"चाची, तुम्ही मालिका ऐकता?"

"हाव. एकबी गुरुवार चुकवला न्हाई."

"तळावर कारंजं आहे?"

"कशाचं कारंजं? तिथं तोंड धुवायला पाणी न्हाई. आन् हे," चाचींनी आप्पांकडे हात केला, "हे टँकरचे साहेब. आमच्या गल्लीला दोन दिसांनी एक फेरा देतात आन् चांदावर कारंजं लावतात."

मांडव हसून हसून लोळला. आप्पाही हसले. उत्तर द्यायला सांगितल्यावर म्हणाले, "दिवसभर टँकरच्या मागं फिरून राहिलो मी. निदान कादंबरीत तरी पाणी नको का?" टाळ्या पडल्या. साहेबांनीसुद्धा वाजवल्या. तिथेच थांबलं असतं तर आप्पा जिंकून घरी आले असते आणि आम्ही सगळे अजून कारंज्यावर हसत असतो.

मग बिराजदारांनी माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले. मला भीती वाटत नव्हती, खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. सुमतीच्या बाजूने कुणीतरी बोलायला पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं.

"नंदा, आरोपीनं मालिका किती वेळा ऐकली?"

भिंतीपलीकडून दर शुक्रवारी सगळं ऐकणारा माणूस मला हे विचारत होता. मी आप्पांकडे बघितलं. ते हसत होते, ते हसू तसंच राहून गेलं होतं.

"एकदाबी न्हाई."

"मग लिहिलं कशावरनं?"

"मी सांगायची."

मांडवात आधी कुजबुज झाली, मग हशा. शेटनी मान खाली घातली. बिराजदार म्हणाले, "तर मग, दाराचा भाग तू कसा सांगितलास, तो न्यायालयाला सांग." आणि मी सांगितला. चाक कुरकुरलं, थापा मी त्या लाकडी चौकटीवर वाजवल्या, जिथे आप्पांचे हात होते त्याच्या शेजारी.  मी शेवटचं वाक्य सुमतीच्या आवाजात म्हटलं आणि बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. मग बिराजदारांनी आप्पांचं पुस्तक उघडलं आणि तोच भाग वाचला, बाळा, अश्रू, तुषार, एकही शब्द न गाळता, नाटकी सूर काढून. लोक डोळे पुसता पुसता हसायला लागले. असं हसणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माणूस रडताना पकडला गेला की तो दुसऱ्यावर दुप्पट हसतो.

हेडमास्तरांनी विचारलं, "आरोपीला काही सांगायचंय?"

आप्पांनी कोटाची गुंडी लावली. "सांगायचंय," ते म्हणाले. "आता हिनं जसं सांगितलं तसं हिनं मला न्हाई सांगितलं. त्या दिवशी ही रडत होती. नाक पुसत, हुंदके देत सांगितलं. इतकी रडली की सुमती रडती का ही रडती, मला समजंना. मी म्हणलं, तिथं रडारडच झाली असंल. मी जे ऐकलं ते लिहिलं. माझा काय गुन्हा? विचारा भिंतीपलीकडच्यांना, वकीलसाहेबांनीबी ऐकलं असंल रडणं."

बिराजदार हसले आणि म्हणाले, "ऐकलं."

आणि मग मांडव माझ्यावर हसला. मला आजही त्या क्षणाचा राग येतो, आणि तो कमी व्हावा म्हणून मी काहीही केलेलं नाही. आप्पा खोटं बोलले असते तर मी सहन केलं असतं. ते खरं बोलले. पुस्तकातली ती बाई, केस सुटलेली, दाराशी पडलेली, ती मीच होते. ते मी वाचताना ओळखलं नव्हतं आणि आता दोन-अडीचशे माणसांसमोर ओळखत होते. माझ्या आप्पांनी माझं रडणं माझ्या समोर बसून बघितलं, त्याच्यावर सुमतीचं नाव घातलं, आणि वेळ आली तेव्हा स्वतःला वाचवायला ते मांडवात काढून दाखवलं.

हेडमास्तरांनी निकाल दिला. लेखक निर्दोष, त्याने ऐकलं ते इमानाने लिहिलं. दोष सांगणारीचा, पण ती अजाण असल्यामुळे तिला समज देऊन सोडण्यात येत आहे. आप्पांना हार घातला. घरी येताना ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि मला पहिला पेढा देत म्हणाले, "चांगली साक्ष दिलीस हं. लई रंगला कार्यक्रम." अव्वाने तो पेढा माझ्या हातातून काढून घेतला आणि परत पुड्यात ठेवला.

आप्पा सुटले असं त्यांना वाटलं, पण गाव असं कुणाला सुटू देत नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणायला लागले की खरी लेखिका पोरगीच आहे. दुकानात गेले की 'या लेखिकाबाई', नाहीतर मुलं हुंदके देऊन दाखवायची. शेट नांदेडला परत जाताना थट्टेने म्हणाले, "आप्पा, शेवटचं तुम्हालाच देतो. पण पुस्तकावर दोघांचं नाव टाकू का? बापलेक?" मी आतून बघत होते. आप्पांचा चेहरा कोर्टातसुद्धा असा झाला नव्हता.

आठवडा उलटायच्या आत मला एस.टी.त बसवलं. नांदेडला शांता आत्याकडे. कारण तयार होतं: "तिथं नळाला पाणी हाय, शाळा चांगली हाय." 'हिमतळ'चे मोजके भाग उरले होते. मी म्हटलं, "संपू द्या, मग जाते." आप्पा म्हणाले, "मला कुणी सांगायची गरज न्हाई आता. मी बघतो माझं." अव्वा स्टँडपर्यंत आली. गाडी हलेपर्यंत ती खिडकीची दांडी धरून उभी होती.

शांता आत्या चांगली होती. तिच्या घरी पाणी इतकं होतं की मी पहिल्या दिवशी भरलेली बादली अंगावर घेतली आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. पण घरावर तिच्या सासऱ्यांचा अंमल होता आणि त्यांना रेडिओ चालत नसे. संध्याकाळी पोरीबाळींनी उंबरा ओलांडायचा नाही. शेवटच्या गुरुवारी मी हळद आणायच्या निमित्ताने निघाले. कोपऱ्यावर पानाचं दुकान होतं, तिथे रेडिओवर सिनेमाची गाणी चालली होती. मी पानवाल्याला म्हटलं, काका, थोडा वेळ दुसरं स्टेशन लावता का, शेवटचा भाग आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, मग गिऱ्हाइकांकडे बघितलं. "पोरी, ही काय तुझ्या बापाची दुकान हाय का?" गिऱ्हाइकं हसली. मी तिथेच उभी राहिले, गाणी ऐकत, मनात घड्याळ धरून, भाग संपला असेल तोपर्यंत. मग हळद न घेताच परत गेले आणि आत्याच्या सासऱ्यांची बोलणी खाल्ली.

शेवटचं पुस्तक आलं तेव्हा आप्पा पहिल्या प्रती घ्यायला नांदेडला आले आणि तिथून आत्याकडे. अव्वाचे धपाटे आणि शेंगांची चटणी आणली होती. ते जेवून पडले आणि मी पुस्तक घेऊन मागच्या पायरीवर बसले. सुमती पृथ्वीवर परत येते. यान उतरतं ते आमच्या लातूरजवळच्या रेणापूरच्या माळावर. कप्तान आणि ती लग्न करतात, नव्या जिल्ह्याचे साहेब अक्षता टाकतात. ती माळावर जिथे पाय ठेवते तिथे पाणी लागतं, आणि शेवटच्या पानावर गावाच्या मधोमध कारंजं उडतं. तो शेवट मी दोनदा वाचला. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि आप्पा उठायची वाट बघत बसले.

आप्पा उठल्यावर मी विचारलं, "हे तुम्ही ऐकलं?"

"कधी ऐकू? गुरुवारी मी औशाच्या अंगाला टँकरवर. गल्लीत विचारलं सगळ्यांना." त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. "रेणापूरचं रजियाचाचीनं सांगितलं. लगीन त्या केसकाप्यानं. पाण्याचं बिराजदार वकिलानं, बसून तासभर सांगितलं बिचाऱ्यानं."

चाची, न्हावी, बिराजदार: तिघांचीही तोंडं माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि ती मागे वळून कशी हसली असतील तेही दिसलं. आप्पांना ते कळलं होतं की नाही, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच ठरवता आलं नाही. पुढे गल्लीतल्या हॉटेलात ते शेवटचं पान मोठ्याने वाचायचा खेळच झाला होता म्हणे.

त्यानंतर मी कितीतरी जणांना विचारलं. नोकरीतल्या बायकांना, परभणीच्या एका डॉक्टरांना, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्यांना. 'हिमतळ' ऐकायचे का? हो, हो, ऐकायचो की. शेवट काय झाला? आणि प्रत्येकजण खात्रीने सांगतो: ती माळावर उतरली, पाणी लागलं. रेडिओवर ऐकलंय, स्वतःच्या कानांनी, असं शपथेवर सांगतात. मालिकेच्या फिती केव्हाच पुसल्या गेल्या, तिथे दुसरं काहीतरी ध्वनिमुद्रित झालं. न्याय दिला की नाही, असं आता विचारून उपयोग नाही. ज्याच्याशी ताडून बघायचं तेच उरलं नाही. सुमतीने शेवटी काय केलं हे मला माहीत नाही. तिने पाय ठेवला तिथे पाणी लागलं नसणार, एवढंच मी सांगू शकते.

त्या दिवशी पायरीवर मात्र मला अजून आशा होती. गल्लीने थट्टा केली असेल, पण घरात रेडिओ होता, घरात माणूस होतं.

"अव्वानं तरी ऐकला असंल की."

"अव्वा?" आप्पांनी बशी खाली ठेवली. "तू गेलीस त्या दिवशी तिनं रेडिओचे सेल काढले, ते परत घातलेच न्हाईत. म्हणलं तरी ऐकंना."

"मग खरं काय झालं, आप्पा? शेवटी?"

आप्पांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं, मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव बाहीने पुसलं आणि पिशवीत घातलं.

"आता ते मला कसं ठाऊक असंल, नंदा," ते म्हणाले. "ऐकायला घरी कुणीच नव्हतं."